धरण, धारणा आणि अहवाल

२००७ साली एका कंपनीने आपल्या नावातून नदी काढून टाकली. ब्राझीलमधील 'कोंपान्यिया व्हाले दो रिओ दोसी' हे तिचे मूळ नाव. 'रिओ दोसी' म्हणजे गोडी नदी आणि 'व्हाले' म्हणजे खोरे. गोड्या नदीच्या खोऱ्यातील कंपनी असा त्या नावाचा सरळ अर्थ होता. जगभर उच्चारता यावे असे सुटसुटीत नाव हवे म्हणून कंपनी केवळ 'व्हाले' झाली. खोरे उरले, नदी गेली. आठ वर्षांनी, ५ नोव्हेंबर २०१५ रोजी, या कंपनीची निम्मी मालकी असलेल्या एका खाणीचे गाळाचे धरण फुटले आणि तो गाळ त्याच नदीतून समुद्रापर्यंत वाहत गेला. नाव बदलण्याचा आणि धरण फुटण्याचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ज्यांचा व्यवसाय शब्दांशी आहे त्यांना या योगायोगापाशी थोडे थांबावेसे वाटेल.

प्रस्तुत लेखात आम्हांला या कंपनीच्या निमित्ताने एका दुर्लक्षित लेखनप्रकाराचा विचार करावयाचा आहे. तो लेखनप्रकार म्हणजे 'शाश्वतता अहवाल'. पर्यावरण, कामगारांची सुरक्षितता आणि आसपासची वस्ती यांच्याबाबत आपण काय केले, हे सांगण्यासाठी मोठ्या कंपन्या दरवर्षी तो प्रसिद्ध करतात. साहित्याच्या अभ्यासकाने तो कशासाठी वाचावा, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे की बखर आपण ज्या कारणाने वाचतो त्याच कारणाने. बखर कुणाच्या आज्ञेवरून लिहिली गेली, कोणाला दाखविण्यासाठी लिहिली गेली आणि तिने काय गाळले, हे विचारल्यावाचून आपण तिच्यातील वाक्य प्रमाण मानीत नाही. अहवालालाही निवेदक असतो, आणि तोही बहुधा 'आम्ही' म्हणून बोलतो. त्यालाही आश्रयदाता असतो, अपेक्षित वाचक असतो आणि मौनाच्या ठरावीक जागा असतात.

या लेखनप्रकाराचा जन्मच मुळी आपत्तीतून झाला. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्यालगत खडकावर आदळले. त्याच वर्षी अमेरिकेतील पर्यावरणसंस्था आणि गुंतवणूकदार यांनी एकत्र येऊन कंपन्यांसाठी दहा तत्त्वे मांडली. त्यांना प्रथम त्या जहाजाचेच नाव दिले गेले आणि कंपन्यांनी दरवर्षी आपला पर्यावरणविषयक हिशेब जाहीर करावा, हे त्यांतील एक कलम होते. त्याच गटाच्या पुढाकाराने १९९७ साली 'ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह' ही संस्था आकाराला आली आणि २००० मध्ये तिने अहवाललेखनाचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. खाणउद्योगाच्या बाबतीतही क्रम हाच दिसतो. १९९८ मध्ये स्पेनमधील आस्नालकोयार येथे गाळाचे धरण फुटले. जानेवारी २००० मध्ये रुमानियातील बाया मारे येथून सायनाइडयुक्त पाणी तिसा आणि डॅन्यूब या नद्यांत शिरले. त्यानंतर, २००१ मध्ये, मोठ्या खाणकंपन्यांनी आपली आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली आणि सदस्यांनी शाश्वततेचे अहवाल काढावेत असा दंडक पुढे घातला. आधी आपत्ती आणि मग अहवाल, असा हा पायंडा आहे. गेलेली पत परत मिळविणे हा या लेखनाचा मूळ हेतू होय, हे विसरून ते वाचता येत नाही.

व्हालेची पत मात्र अहवालांपेक्षा जुनी आहे आणि तिच्या मुळाशी एक कवी उभा आहे. मिनास जेराइस प्रांतातील इताबिरा या गावी कार्लोस द्रुमोंद दे आंद्रादे यांचा १९०२ साली जन्म झाला. विसाव्या शतकातील ब्राझीलचे ते थोर कवी. याच गावच्या काउए नामक शिखरात अपार लोहखनिज होते. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची निकड भासली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्याशी झालेल्या करारांनंतर ब्राझील सरकारने ही कंपनी स्थापन केली. खनिज आगगाडीने रिओ दोसीच्या काठाकाठाने बंदरावर जाऊ लागले आणि कवीच्या बालपणीचे शिखर वर्षागणिक खचत खचत नाहीसे झाले. १९७३ च्या एका संग्रहात द्रुमोंद यांची 'चूर्ण झालेला पर्वत' अशा अर्थाच्या शीर्षकाची कविता आहे. ते वर्तमानपत्रांतूनही कंपनीवर टीका करीत. गंमत अशी की १९७० मध्ये कंपनीने वर्तमानपत्रात जी पानभर जाहिरात दिली, ती द्रुमोंद यांच्याच अतिप्रसिद्ध कवितेतील वाटेवरच्या दगडावर बेतलेली होती. कवीचा दगड अडथळ्याचा होता; कंपनीने तो देशाच्या प्रगतीचा केला. शब्द कुणाच्या मालकीचे, हा वाद येथे प्रथम दिसतो. पुढे तो अधिक गंभीर रूपात येणार होता.

त्याआधी गाळाचे धरण म्हणजे काय, हे पाहू. लोहखनिज दळून धुतले की पाणी, वाळू आणि मऊ चिखल यांचे मिश्रण मागे उरते. ते साठविण्यासाठी बांध घालतात. साठा वाढला की बांध उंच करावा लागतो. सर्वांत स्वस्त पद्धत अशी की प्रत्येक नवा थर आतल्या बाजूला, आधीच साचलेल्या गाळावरच रचावयाचा. म्हणजे जे अडवावयाचे तेच पायाही बनते. गाळातील पाणी नीट निथरत राहिले तर हा डोलारा उभा राहतो. पाणी तुंबले तर वरून घट्ट दिसणारा गाळ क्षणार्धात द्रवासारखा वागू लागतो.

येथे आमच्या भाषेतील एक नाते ध्यानात घेण्याजोगे आहे. इंग्रजीतील 'सस्टेन' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ खालून आधार देऊन धरून ठेवणे असा आहे. आपल्याकडे धरण, धारण आणि धारणा हे तिन्ही शब्द 'धृ' या एकाच धातूपासून आले आहेत. मराठीत प्रारंभी काहींनी 'धारणाक्षम विकास' असा प्रतिशब्द वापरला होता. पुढे 'शाश्वत' रूढ झाला आणि त्याबरोबर नित्यतेचा, अविनाशीपणाचा एक पारमार्थिक ध्वनी आला. 'धारणाक्षम' म्हटले की काय धरले आहे, किती धरेल आणि कोठे सुटेल, असे प्रश्न उभे राहतात. 'शाश्वत' म्हटले की ते प्रश्न मावळतात.

मारियाना शहराजवळच्या फुंदाव या धरणात धारणा सुटली. सामार्को ही कंपनी तेथे खाण चालवीत होती; व्हाले आणि बीएचपी बिलिटन हे तिचे निम्मे-निम्मे मालक. सुमारे ४ कोटी घनमीटर गाळ बाहेर पडला. १९ माणसे गेली. अठराव्या शतकातील चॅपलसह बेंतो रोद्रिगेस हे गाव गाडले गेले. गव्हर्नादोर वालादारिस शहराचा पाणीपुरवठा थांबला आणि सुमारे अडीच आठवड्यांत तो लाल प्रवाह अटलांटिक महासागराला मिळाला. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने कारणे सांगितली. निचऱ्याची व्यवस्था बिघडली होती, बांधाची रेषा आत सरकविल्यामुळे तो मऊ चिखलावर उभा राहिला होता आणि त्यामुळे गाळ द्रवरूप झाला.

यानंतर कंपन्यांनी नुकसानभरपाईसाठी प्रतिष्ठान उभारले आणि वचने दिली. मे २०१७ मध्ये फाबियो श्वार्त्समन व्हालेचे प्रमुख झाले, तेव्हा 'मारियाना पुन्हा कधीच नाही' हे त्यांनी आपले ब्रीद म्हणून जाहीर केले. अहवालांतून सुरक्षिततेविषयीच्या आश्वासनांना कमतरता नव्हती. आपण कठोरात कठोर आंतरराष्ट्रीय पद्धती पाळतो आणि आपली शंभर टक्के धरणे स्थिर असल्याचे प्रमाणित झाले आहे, असे कंपनी गुंतवणूकदारांना सांगत होती, असे अमेरिकेच्या रोखे आयोगाने पुढे आपल्या फिर्यादीत नमूद केले.

शंभर टक्के या आकड्याची परीक्षा २५ जानेवारी २०१९ रोजी झाली. दुपारी साडेबाराच्या सुमारास ब्रुमाजिन्यो येथील कोर्रेगो दो फेजांव खाणीचे पहिले धरण फुटले. १९७६ साली दुसऱ्या एका कंपनीने ते बांधले होते. २००१ पासून ते व्हालेच्या ताब्यात होते आणि २०१६ पासून त्यात गाळ सोडणे बंद होते. धरणाच्या थेट खाली कार्यालये आणि कामगारांचे उपाहारगृह होते, आणि वेळ जेवणाची होती. २७० माणसे गेली. मृतांतील बहुसंख्य कंपनीचे किंवा तिच्या कंत्राटदारांचे कामगार होते. चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०१८ मध्ये, एका जर्मन तपासणीसंस्थेच्या शाखेने या धरणास स्थैर्याचे प्रमाणपत्र दिले होते. सामर्थ्य आणि भार यांचे जे गुणोत्तर सुरक्षिततेचा निकष मानतात ते गाळ द्रवरूप होण्याच्या परिस्थितीत किमान १.३ असावे, असे कंपनीचे अंतर्गत मानक होते. तपासणीत ते १.०९ आले होते. १ ही कोसळण्याची सीमा. अहवालाच्या वाचकापुढे १.०९ हा आकडा आला नाही. १०० हा आला. बेंतो रोद्रिगेसमध्ये धोक्याचा भोंगा नव्हता. ब्रुमाजिन्योत भोंगा होता, पण तो वाजला नाही.

तीन आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, श्वार्त्समन ब्राझीलच्या संसदेतील सुनावणीस हजर राहिले. व्हाले हे ब्राझीलचे एक रत्न आहे आणि एका अपघातासाठी, मग ती दुर्घटना कितीही मोठी असो, तिला दोषी ठरविता येणार नाही, अशा आशयाचे विधान त्यांनी तेथे केले. मृतांच्या नातलगांनी या विधानाला दिलेले उत्तर भाषेच्या इतिहासात नोंदवून ठेवावे असे आहे. त्यांनी 'जोया', म्हणजे रत्न, हा शब्दच कंपनीकडून काढून घेतला आणि आपल्या गेलेल्या माणसांना दिला. तेव्हापासून त्यांच्या स्मरणसभांत मृतांचा उल्लेख 'आमची रत्ने' असा होतो. सरकारी नोंदीत मृतांची संख्या २७० आहे. नातलग २७२ म्हणतात, कारण मृतांतील दोन स्त्रिया गरोदर होत्या. प्रतिमा सावरण्यासाठी उच्चारलेला शब्द प्रतिमेच्या विरुद्ध कायमचा साक्षीदार होऊन बसला. मार्च २०१९ च्या आरंभी श्वार्त्समन यांनी पद सोडले.

आता बाजाराचा ताळेबंद पाहू, कारण प्रतिमेचे माप तेथे घेतले जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दुर्घटनेनंतरच्या पहिल्याच व्यवहाराच्या दिवशी, २८ जानेवारीस, व्हालेचा समभाग सुमारे २४ टक्क्यांनी घसरला आणि ७१ अब्ज रेआल इतके बाजारमूल्य एका दिवसात गेले. पण गोष्ट येथे संपत नाही. जगातील सर्वांत मोठ्या लोहखनिज उत्पादकाच्या खाणी बंद पडल्या म्हणून खनिजाचा तुटवडा झाला. टनाला ७५ डॉलरच्या आसपास असलेला भाव त्याच वर्षीच्या जुलैत १२० डॉलरच्या वर गेला. २०२१ मध्ये कंपनीने १२१ अब्ज रेआलहून अधिक नफा कमावला. तोवरच्या तिच्या इतिहासात इतका नफा कधी झाला नव्हता. म्हणजे ज्या दुर्घटनेने पत गेली तिनेच काही अंशी मालाची किंमत वाढविली. दुर्घटना कंपनीला धडा शिकवते, हे सुभाषित बाजारापुरते तरी खरे मानता येत नाही.

असे असेल तर अहवाल बदलला कशाने? कारण तो बदलला, हे नाकारता येणार नाही. आमच्या मते तो वाचक बदलल्याने बदलला. २०१५ नंतर वाचक जुनेच होते: वचन ऐकून समाधान पावणारे. २०१९ नंतर दोन नवे वाचक आले. पहिला अगदी अनपेक्षित. इंग्लंडच्या चर्चचे निवृत्तिवेतन मंडळ आणि स्वीडनचे सार्वजनिक निवृत्तिनिधी यांनी पुढाकार घेऊन एप्रिल २०१९ मध्ये जगातील सातशेच्या आसपास खाणकंपन्यांना पत्रे पाठविली. प्रत्येक धरणाचे नाव, जागा, उंची, साठा, बांधणीची पद्धत आणि त्याच्या स्थैर्याविषयी पूर्वी कधी शंका निघाली होती काय, हे कळवा आणि आपल्या संकेतस्थळावर जाहीर करा, अशी त्यांची मागणी होती. उत्तरांतून सतराशेहून अधिक धरणांची माहिती एकत्र झाली आणि जानेवारी २०२० मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. ऑगस्ट २०२० मध्ये गाळाच्या धरणांसाठी जागतिक मानक आले. २०२४ मध्ये 'ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह'ने खाणउद्योगासाठी स्वतंत्र मानक काढले; त्यात गाळाच्या धरणांना स्वतंत्र स्थान आहे. 'आमची शंभर टक्के धरणे' या समूहवाचक वाक्याच्या जागी एकेका धरणाची नाममात्र ओळ आली. अलंकार गेला, यादी आली. या लेखनप्रकारात ही प्रगती मानावी लागेल.

दुसरा वाचक कायद्याचा. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने व्हालेविरुद्ध जी फिर्याद दाखल केली तीत कंपनीच्या शाश्वतता अहवालांतील वाक्ये पुराव्यादाखल घेतली होती. धरणाच्या सुरक्षिततेविषयी त्यांनी गुंतवणूकदारांची दिशाभूल केली, असा आरोप होता. मार्च २०२३ मध्ये कंपनीने ५ कोटी ५९ लाख डॉलर भरून तडजोड केली. तडजोड म्हणजे आरोप शाबीत होणे नव्हे, हे खरे. पण यापूर्वी जे लेखन शोभेचे समजले जात होते ते प्रतिज्ञापत्राच्या जवळ जाऊन बसले. लेखकाला आपल्या वाक्यासाठी उभे राहावे लागेल, ही जाणीव शैली बदलते.

मात्र या दोन्ही वाचकांची नजर गुंतवणुकीच्या सुरक्षिततेवर होती, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या यादीत धरण मावते, नदी मावत नाही. रिओ दोसीच्या काठी राहणारे क्रेनाक लोक त्या नदीला 'वातू' म्हणतात आणि तिला आजोबा मानतात. गोदामाय आणि कृष्णामाई म्हणणाऱ्या आम्हां मंडळींना हे नाते समजावून सांगण्याची गरज नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये पाण्यावाचून राहिलेल्या या लोकांनी खनिज वाहून नेणाऱ्या रेल्वेमार्गावर ठाण मांडले होते. त्यांच्यातीलच एक लेखक आयल्तन क्रेनाक यांनी आपल्या ग्रंथांतून आणि भाषणांतून या नदीविषयी सातत्याने मांडणी केली. २०२३ मध्ये ब्राझीलच्या साहित्य अकादमीवर त्यांची निवड झाली. मूलनिवासी समाजातून तेथे पोचलेले ते पहिलेच. अहवालाच्या तक्त्यात पाण्याचा गढूळपणा मोजता येतो. आजोबा मोजण्यासाठी दुसरा लेखनप्रकार लागतो. द्रुमोंद यांनी पर्वतासाठी जे केले ते क्रेनाक यांनी नदीसाठी केले, असे आम्हांला वाटते.

न्यायालयांतही भांडण शब्दांचेच राहिले. कंपन्या 'फुटणे' म्हणतात, पीडित 'गुन्हा' म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्राझीलमधील एका संघीय न्यायालयाने मारियाना प्रकरणी तिन्ही कंपन्यांना फौजदारी आरोपांतून मुक्त केले. त्याच्या काही दिवस आधी, २५ ऑक्टोबरला, त्याच कंपन्यांनी सरकारशी सुमारे १७० अब्ज रेआलचा भरपाईचा करार केला होता. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने बीएचपीला त्या दुर्घटनेसाठी उत्तरदायी ठरविले. घटना एकच; तिची तीन कथने झाली, आणि प्रत्येकाला प्रमाणाचे बळ आहे.

हे सारे दूरचे आहे, असे मानून पुस्तक मिटता येणार नाही. मुंबईत कार्यालय असलेल्या 'सेबी'ने २०१२ पासून आपल्याकडील शंभर मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना अशा प्रकारचा अहवाल अनिवार्य केला. २०२२-२३ पासून तो अधिक तपशिलाने, एक हजार कंपन्यांना लागू झाला. खाणकंपन्याही त्यात आल्या. हे अहवाल मुख्यत्वे इंग्रजीत निघतात. ज्या गावाशेजारी खाण आहे तेथील माणूस त्यांचा अपेक्षित वाचक नाही. ज्यांना वाचनाचे प्रशिक्षण आहे, जे एका ओळीतील कर्ता कोठे गेला, कर्मणी प्रयोग कशासाठी केला आणि सरासरीच्या मागे कोणती संख्या झाकली, हे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवितात, त्यांनी हे काम हिशेबनिसांवर सोडावे काय? अभ्यासक्रमात एखादी बखर कमी करून अहवाल लावा, असे आमचे म्हणणे नाही. बखरीला जे प्रश्न विचारता ते अहवालालाही विचारून पाहा, एवढेच आम्ही सुचवितो. ब्रुमाजिन्योचा अहवाल वाचताना १०० च्या मागचा १.०९ कुणी वेळेवर विचारला असता, तर उपाहारगृह धरणाच्या खाली राहिले असते काय, या प्रश्नाचे उत्तर आता मिळणार नाही. तो प्रश्न पुढच्या अहवालाला मात्र विचारता येईल.